सोफा-कम-बेडची पाठ पुन्हा पुन्हा एकाच बाजूने अडकते? बिजागरी बदलण्याआधी मागची भिंत बघा

रात्री बेड करायला सोफ्याची पाठ पुढे ओढायची, सोडायची, की उजवी बाजू धप्पकन खाली आणि डावी अर्ध्यावर लटकलेली. वरून दाबलं की कर्रर्र. सकाळी उभी करताना उजवी बाजू ‘टक’ करून बसते, डावी मात्र मागे रेलते, आणि टेकून बसलेला पाहुणा भिंतीवरच्या कललेल्या तसबिरीसारखा दिसतो.

आमच्याकडे हा प्रकार दीड वर्षात तीनदा झाला. पहिल्या दोन वेळी मी डावी बिजागरी बदलून घेतली. पहिली नवी बिजागरी सात महिने टिकली, दुसरी जेमतेम चार. तिसऱ्यांदा दुकानात जायच्या आधी मी फरशीवर बसून नीट बघितलं. बिजागरी बिचारी मार खात होती, मारणारा दुसराच होता. तुमच्याकडे ही तक्रार पहिल्यांदाच आली असेल तर बोल्ट आवळा आणि विसरून जा. दुरुस्त करूनही परत येत असेल तर पुढचं वाचा.

आधी आपल्याकडे नक्की काय आहे ते ओळखा

दुकानात सरसकट सगळ्याला सोफा-कम-बेडच म्हणतात. ऑनलाइन त्यालाच फ्युटॉन म्हणून विकतात. मूळ जपानी फ्युटॉनला सांगाडा नसतोच. ती रात्री तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, अंथरायची आणि सकाळी घडी घालून कपाटात ठेवायची गादी. म्हणजे आपल्या आजीची वळकटी आणि ती सख्ख्या बहिणी. तिला घडीचा लाकडी सांगाडा मिळाला तो अमेरिकेत. आणि दुखणी जवळजवळ सगळी सांगाड्यातच असतात, गादीत फार कमी.

सांगाडे मुख्यतः चार जातींचे. तुमचा कुठला हे ओळखायला शोरूमचं बिल शोधू नका, तो उघडतो कसा ते बघा.

पाठ पुढे ओढली, शेवटचा खटका वाजला आणि सोडल्यावर ती मागे आडवी झाली, तर तो खटक्याचा सांगाडा. फ्रान्समध्ये याला घरोघर ‘क्लिक-क्लाक’ म्हणतात, आवाजावरूनच पडलेलं नाव. लोखंडी चौकोनी पाइप, वर फोम, वर रेक्झिन किंवा कापड. आमचा हाच आहे, आणि हल्ली फ्लॅटमधून सगळ्यात जास्त दिसतो तोही हाच.

बैठक पुढून उचलली की पाठ आपोआप खाली सरकते, दोन्ही हातांच्या आतल्या अंगाला लांब खाचा आहेत आणि त्यांत खुंट्या किंवा चाकं फिरतात, तर तो दोन घड्यांचा लाकडी सांगाडा. वर सुटी गादी असते आणि ती मधोमध एकदाच दुमडते.

बैठकच मधे दुमडलेली असेल आणि उघडल्यावर बेड पुढे हॉलमध्ये लांब येत असेल, तर तो तीन घड्यांचा. रुंदीला लहान, जागा कमी खातो, पण गादी दोन ठिकाणी मोडते.

चौथा आपला देशी. खालून ड्रॉवरसारखा ओढायचा, एकाआड एक पट्ट्या एकमेकींतून सरकतात आणि पाठीच्या उशा मध्ये पडतात. सुतार हाच बनवून देतात. यात बिजागरी नसते, म्हणून या पोस्टमधलं बरंचसं दुखणं त्याच्या वाट्याला येत नाही. चाकाला केस गुंडाळले जातात, ते कात्रीने कापायचे. झालं.

खटक्याची बिजागरी आतून कशी चालते

हे एकदा समजलं की अर्धं निदान कानांनीच होतं. दोन लोखंडी पात्या एका जाड रिव्हेटवर फिरतात. एका पातीला करवतीसारखे दोन-तीन दात, दुसरीवर स्प्रिंगने दाबलेला खटका. पाठ उचलत नेली की खटका एकेका दातावरून घसरून पुढच्या खाचेत पडतो. टक, रेलायची जागा. टक, सरळ बसायची जागा. अजून पुढे ओढलं की तिसरा टक, आणि इथे एक उंचवटा खटक्याला दातांपासून बाजूला ढकलून धरतो. आता पाठ मोकळी, थेट आडवी होते. पूर्ण आडवी झाल्यावर खटका परत कामाला लागतो.

यातली गोम अशी की बिजागऱ्या दोन आहेत आणि त्यांचं आपापसात बोलणं फक्त मधल्या आडव्या पाइपमधून होतं. उजवीचा तिसरा टक झाला आणि डावीचा राहून गेला, तर उजवी मोकळी आणि डावी अजून दातात. अशा वेळी आपण काय करतो? वर बसतो. किंवा गुडघा टेकून दाबतो. ऐंशी किलोचा माणूस एका खटक्यावर बसला की दात बोथट होतो नाही तर पाती वाकते. म्हणून पहिला नियम: अडकली तर कधीही खाली दाबू नका. परत पूर्ण पुढे घ्या, अगदी बैठकीला टेकेपर्यंत, आणि दोन्ही बाजूंचा आवाज ऐकून मगच सोडा. माणसाने मधोमध उभं राहावं. एका कोपऱ्याला धरून ओढणं ही सवय आपल्याला सगळ्यांनाच असते, आणि तीच पाइपला पीळ देते.

एवढ्याने सुटलं तर बिजागरी शाबूत आहे. ही चाचणी लागोपाठ पाच वेळा करा. पाचही वेळा दोन्हीकडून बरोबर आवाज आला, तरी रोजच्या वापरात मात्र अडकतंय, तर दोष सोफ्याच्या बाहेर आहे असं समजा. माझं इथेच चुकलं होतं. दोन्ही वेळा कारागिराने सोफा हॉलच्या मधोमध ओढून दुरुस्त केला, मधोमधच उघडून-मिटून दाखवला, मी पैसे दिले. मधोमध तो चालायचाच.

भिंतीवरचा ओरखडा

तिसऱ्यांदा मी बॅटरी घेऊन मागे वाकले तर भिंतीच्या रंगावर एक काळपट ओरखडा दिसला. जमिनीपासून साधारण गुडघ्याच्या उंचीवर, हातभर लांब, आणि फक्त डाव्या अर्ध्या भागात. उजवीकडे भिंत कोरी. पाठीच्या वरच्या कडेची शिवणही डाव्या कोपऱ्यात चकचकीत घासलेली. बिजागरी दरवेळी डावीच का जाते याचा जबाब भिंतीने लिहूनच ठेवला होता.

झालं होतं असं. या जातीच्या सोफ्यात पाठ आडवी झाली की ती मागच्या पायांच्या बरीच मागे जाते. आमच्या सोफ्यात ३२ सेंटिमीटर. म्हणजे उघडण्याआधी सोफा भिंतीपासून किमान तेवढा, खरं तर ३५ सेंटिमीटर पुढे हवा. आमच्याकडे त्याच्यावर सासूबाई झोपतात, म्हणजे उघडणं-मिटणं रोजचं. वर्षाला ७३० वेळा. त्या स्वतःच ओढतात, कुणाला हाक मारत नाहीत. डाव्या हाताला टीव्हीचं कपाट, तिथे उभं राहायला जागा नाही, म्हणून ओढतात उजवीकडूनच. सोफा तिरका येतो. उजवा पाय भरपूर पुढे, डावा जेमतेम वीतभर. पाठ खाली येताना शेवटच्या टप्प्यात डावा कोपरा भिंतीला चिकटतो आणि तिथेच थांबतो. उजवा खाली जातो. पाइपला पीळ. मग वरून हात दाबला की पाठ भिंत आणि बिजागरी यांच्यात पाचरीसारखी ठोकली जाते आणि रिव्हेट सैल होते. रोज थोडी थोडी.

मी म्हटलं, “आई, थोडा जास्त पुढे ओढत जा ना.”

“ओढीन की. पण मागे फट राहते, आणि फटीत पाल बसते.”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण पाल खरोखरच होती. मोरपीस लावून झालं होतं, ते पालीने मनावर घेतलं नव्हतं. आणि ज्या घरात पंचांगातलं पल्लीपतनाचं पान कोपरा दुमडून ठेवलेलं असतं, तिथे ‘पाल काही करत नाही’ हे वाक्य चालत नाही.

उपाय शेवटी फरशीवर सापडला. आमच्या फरश्या दोन फुटी आहेत आणि त्यांच्या रेघा भिंतीला समांतर आहेत. मी सोफा बरोबर जागी ठेवून पुढचे दोन पाय कुठे येतात ते बघितलं, तिथे लाल इन्सुलेशन टेपचे दोन तुकडे चिकटवले. पायांखाली जाड नमद्याच्या चकत्या लावल्या, म्हणजे उजवीकडून ओढल्यावर डावा पाय अडखळत नाही. दोन्ही पाय लाल खुणेवर आले की मगच पाठ पुढे घ्यायची. मागच्या फटीसाठी एक जुनी सतरंजी गुंडाळून भिंतीच्या कडेला ठेवतो. पाठ सतरंजीच्या वरच्यावर राहते, आणि सासूबाईंना फट दिसत नाही. दिवसा सोफा मिटलेला असताना तो भिंतीला खुशाल चिकटवा, त्याने काही बिघडत नाही.

तुमचं अंतर मोजायला सोफा मोकळ्या जागेत आडवा करा आणि पाठीच्या कडेपासून मागच्या पायापर्यंत जमिनीवर टेप लावा. त्यात तीन सेंटिमीटर मिळवा. दहा फुटी हॉलमध्ये समोर टीव्हीचं कपाट असेल तर हे अंतर निघतंय का तेही बघा. निघत नसेल तर हा सांगाडा त्या खोलीसाठी नाही, कितीही बिजागऱ्या बदला. लाकडी सांगाड्यांत भिंतीला लावूनच उघडणारा एक प्रकार मिळतो, त्यात बैठक पुढे सरकते आणि पाठ जागच्या जागी उतरते. घेताना दुकानदाराला सोफा भिंतीला टेकवून उघडून दाखवायला सांगा. बहुतेक जण मधोमध दाखवतात.

भिंतीचा प्रश्न सुटला, तरी आधीची जखम भरावी लागते

महिनोन्‌महिने पीळ बसलेला सांगाडा आपोआप सरळ होत नाही. पाठीच्या मागचं कापड खालून स्टेपल केलेलं असतं, ते बोथट स्क्रूड्रायव्हरने हळूच उचकटा. मग सुतळी घ्या. पाठीच्या एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून गाठ मारा, मग तीच सुतळी दुसऱ्या कर्णावर धरा. दोन्ही कर्ण सारखे हवेत. आमच्यात दीड सेंटिमीटरचा फरक होता.

फरक असेल तर बोल्ट तपासा. बिजागरी सांगाड्याला बहुधा ८ मिलिमीटरच्या बोल्टने बसवलेली असते, त्याच्या नटाला १३ नंबरचा पाना लागतो. नुसता आवळून समाधान मानू नका, एक बोल्ट पूर्ण काढून भोक बघा. भोक गोल असेल तर ठीक. अंड्यासारखं लांबट झालं असेल तर बोल्ट कितीही आवळा, आठ दिवसांत परत झोल येणार. आमची दोन भोकं लांबट झाली होती. त्यावर जाड, मोठ्या घेराचा वायसर दोन्ही बाजूंनी घालायचा आणि साध्या नटाऐवजी आत नायलॉनची कडी असलेला नट लावायचा. तो हादऱ्याने सुटत नाही. फारच फाटलं असेल तर फॅब्रिकेटरकडून पट्टी वेल्ड करून नवं भोक पाडून घ्यावं लागतं. वेल्डिंगआधी फोम आणि कापड पूर्ण बाजूला काढलंय ना हे स्वतः उभं राहून बघा. ‘ओलं फडकं ठेवतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा, फोम भडकायला एक ठिणगी पुरते.

बोल्ट आवळायचाही क्रम असतो. सगळे बोटाने बसतील एवढेच लावा, सांगाडा हाताने दाबून दोन्ही कर्ण सारखे करा, मग तिरक्या जोडीने एकेक आवळत जा. एक बाजू पूर्ण घट्ट करून दुसरीकडे गेलात तर पीळ आतच बंदिस्त होतो.

बिजागरी बदलायचीच असेल तर जोडीने बदला. ही माझी दुसरी चूक. एकच बदलली होती, दुकानात जी होती ती. दिसायला तशीच, पण दातांची जागा किंचित वेगळी. परिणामी नवीचा टक जुनीच्या आधी वाजायचा, आणि मी नवा पीळ स्वतःच्या पैशाने विकत घेतला. जुनी बिजागरी सोबत न्या, दोन्ही पात्या एकमेकींवर ठेवून भोकं आणि दात जुळतात का ते दुकानातच बघा. डावी-उजवी वेगळी असते हेही सांगा, नाहीतर दोन्ही डाव्या हातात येतात. काढताना तोंड लांब ठेवा, स्प्रिंग उडते. आणि पोरांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवा. त्या दोन पात्यांमध्ये बोट सापडलं तर खटका सोडत नाही.

तेलाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिव्हेटवर आणि खटक्याच्या खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, बस. दातांवर ग्रीस थापू नका, गादीचा कापूस आणि धूळ त्यात बसून लगदा होतो आणि खटका खाली पडायलाच तयार होत नाही. खोबरेल तर नकोच. थंडीत ते बाटलीत थिजतं तसंच बिजागरीतही थिजतं.

लाकडी सांगाडा असेल तर

तिथे अडकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. दोन हात एकमेकांपासून फाकलेले असतात, आणि एका बाजूची खुंटी खाचेतून बाहेर आलेली असते. हात फाकतात कारण त्यांना जोडणाऱ्या पुढच्या-मागच्या लांब पट्टीचे बोल्ट सैल झालेले असतात. हे बोल्ट लाकडात लपवलेल्या एका नटात बसतात. करंगळीच्या पेराएवढा लोखंडी दंडगोल, त्याला आडवं भोक आणि भोकात आटे. बोल्ट नुसता फिरत राहिला की आपण म्हणतो आटे गेले. तसं नसतं बऱ्याचदा. दंडगोल आत फिरून गेलेला असतो. त्याच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरची खाच दिसेल. ती खाच बोल्टच्या दिशेला समांतर करा, स्क्रूड्रायव्हर तसाच धरून ठेवा, दुसऱ्या हाताने बोल्ट आत घाला. पकडला की हाताला कळतं.

लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, म्हणून शिसवीचा असो की आणखी कशाचा, वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा सरल्यावर आणि एकदा होळीच्या आसपास, एल आकाराची किल्ली फिरवावीच लागते. खाचांत तेल घालू नका, लाकूड ते पिऊन टाकतं. पांढरी मेणबत्ती घासा. हात भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचे असतील आणि भोकाभोवती बोर्ड फुगून आला असेल, तर तिथे फेविकॉल आणि भुसा भरून तात्पुरतं निभतं, कायमचं नाही. आतून लाकडी ठोकळा लावून घ्या.

या जातीत आणखी एक रोजची कटकट: बसल्यावर गादी पुढे घसरते आणि तिच्याबरोबर बैठकही पुढे सरकते. त्याचं खापर सांगाड्यावर फोडतात. आधी गादी बघा. काथ्याची असेल तर तिला घडीच मान्य नाही, ती सरळ व्हायला बघते आणि बैठकीला ढकलते, शेवटी मधे तडकते. सहा इंची कापसाची असेल तर वजनच इतकं की पाठ वर उचलवत नाही. चार-पाच इंची फोमची किंवा फोम-कापूस मिश्र गादी घ्या, आणि पट्ट्यांवर जाळीदार रबरी मॅट पसरा, स्वयंपाकघराच्या खणात घालतो ती. तीन घड्यांच्या सांगाड्यात मात्र गादी दोन ठिकाणी दबून बसणारच. महिन्यातून एकदा डोक्याकडची बाजू पायाकडे करा, यापलीकडे तिथे फारसं हातात नाही.

आमच्या सोफ्याचं पुढे काय झालं? बिजागऱ्यांची जोडी बदलून आणि लाल टेप लावून आता अकरा महिने झाले. उजव्या मागच्या पायातून बसताना एक बारीक कुईं येतं, त्याचं कारण फरशीचा उतार आहे. बाल्कनीकडे पाणी जावं म्हणून दिलेला उतार हॉलपर्यंत आलाय आणि तो पाय केसभर तरंगतो. खाली पोस्टकार्डाची घडी सरकवली की आठवडाभर गप्प बसतं. रबरी बूच आणायचं राहून जातंय.

भिंतीवरचा ओरखडा मी मुद्दाम रंगवलेला नाही. सासूबाई म्हणाल्या, तिथे एखादं स्टिकर तरी लाव, विचित्र दिसतं. मी त्याच्यावर आडवी पांढऱ्या कागदी टेपची पट्टी चिकटवली आहे आणि कोपऱ्यात तारीख घातली आहे. पाठ पुन्हा भिंतीला लागली तर पट्टी काळी होईल. दर शनिवारी झाडताना एक नजर टाकते. अजून पांढरीच आहे.